दोरीला बांधलेली पेन्सिल

बाहेर उणे अकरा.
काचघराच्या छपराची झडप
रात्रभर सताड उघडी.
सकाळी टोमॅटोच्या चौथ्या रांगेत
पानं शिजवलेल्या पालकासारखी लोंबत होती
आणि परागीभवनासाठी पेटीतून आणलेले भुंगे
झडपेखालच्या फरशीवर
सांडलेल्या मिऱ्यांसारखे.

एविंदुर काही बोलला नाही.
एक भुंगा तळहातावर घेऊन त्याने फुंकर घातली,
थोडा वेळ वाट पाहिली,
मग सोलरूनला फोन लावला :
तुझा प्रोग्रॅम काय म्हणतो?

तीन वाजून सात मिनिटांनी
'झडप उघ'
एवढं म्हणून तो गप्प झाला होता.

प्रोग्रॅम तसा इवलासा, दोनशे बारा ओळी.
तापमान वाच, झडप हलव,
झऱ्याच्या गरम पाण्याचा नळ सोड.
त्याची रोजनिशी लिहिणारा कारकून मात्र
सहाशे चाळीस ओळींचा,
सोलरूनने स्वतः घडवलेला.
दोन हिवाळ्यांपूर्वी तिची नोकरी सुटली होती,
हाताखालचं काहीच मनासारखं वागत नव्हतं,
आणि भाषेसोबत आयता मिळणारा लॉगर
तिला सरकारी वाटला होता :
तारीख, पातळी, निरोप, बस.
म्हणून तिने इशाऱ्यांना रंग दिले,
चुकांना आपल्या मावश्यांची नावं दिली,
सगळ्यात गंभीर चूक म्हणजे गुडलोइग.
दर दिवसाची निराळी फाईल,
दर फाईलच्या माथ्यावर त्या दिवशीची सूर्योदयाची वेळ.
नाकापेक्षा मोती जड. पण काय मोती!

त्या रात्री कार्ड भरलं
आठशे सूर्योदयांनी.
कारकुनाला लिहायला जागा उरली नाही,
आणि जागा नसेल तर काय करायचं
हे तिने त्याला कधी शिकवलंच नव्हतं.
तो कोसळला, धन्याला घेऊन कोसळला.
दमट हवा सोडायला दोन मिनिटं उघडलेली झडप
मिटायची राहून गेली.
गुडलोइग मावशी ओरडायला उठली असणार,
पण तिच्याकडे कागद नव्हता.

सोलरून आली ती उलट्या क्रेटवर बसली,
मांडीवर लॅपटॉप, काचेवर वाफ.
आयता लॉगर चार ओळींत मावला.
जागा संपली की जुनं पुसतो,
लिहिता आलं नाही तर जरा कुरकुरतो
आणि बाकीच्यांना कामाला जाऊ देतो.
हे तिला तेव्हाही माहीत होतं.

मग तिची नजर दाराकडे गेली.
खिळ्याला वही, वहीला दोरी, दोरीला पेन्सिल.
एविंदुरची वही. रंग नाहीत, पातळ्या नाहीत.
'वारा उत्तरेचा. सात अंश. खताची गोणी आली.'
तिने पानं मागे नेली, दोन हिवाळे मागे :
'सोलरून यंत्र बसवायला आली.
रडून आली असावी. कॉफी दिली.'

ही नोंद कुठल्या पातळीची?
सूचना, इशारा, चूक?
तिच्या सहाशे चाळीस ओळींत
असल्या नोंदीला एकही रंग नव्हता.
साध्या वहीत मात्र ती बसली होती,
खताच्या गोणीशेजारी, त्याच अक्षरात.

तिने कारकुनाला काढून टाकलं.
म्हणजे पुसलं नाही,
'जुनं' नावाच्या फोल्डरात निजवलं,
मावश्यांसकट.
फक्त झडप मिटली नाही तर जाणाऱ्या निरोपात
एक शब्द जास्तीचा ठेवला.

आता बोलेल ना? एविंदुरने विचारलं.
बोलेल, ती म्हणाली, पण कमी.
बरं, तो म्हणाला, कमीच बरं,
आणि केरसुणी घेऊन भुंगे गोळा करायला गेला.

त्या रात्री ती घरी जागीच होती.
तीन सात : झडप उघडली.
तीन नऊ : झडप मिटली.
मधली दोन मिनिटं
कुठेच लिहिलेली नाहीत.

आणि वहीत, दुसऱ्या दिवशी, पेन्सिलीने :
'नवी पेटी मागवली.
झडप मिटली होती.
मी उठून पाहून आलो.'